नवशिक्याचं संकेतस्थळ : एका अवघडपणाचा इतिहास

आजचा विषय आम्हाला एका गुरुजींनी दिला, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

आम्ही गेली काही वर्षं शनिवारी संध्याकाळी नवशिक्यांसाठी एक छोटा वर्ग घेतो. संकेतस्थळ कसं तयार करायचं, एवढंच त्यात शिकवतो. येणारे सगळे तरुण असतात असं नाही. घरगुती मसाले विकणाऱ्या ताई येतात, गिर्यारोहण मंडळाचे पदाधिकारी येतात, एखादे भजनी मंडळवालेही येतात. त्यातच हे गुरुजी होते. तालुक्याच्या गावी शाळेत शिकवून निवृत्त झालेले, आता तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह. वाचनालयाचं संकेतस्थळ स्वतः करायचं म्हणून एसटीने येत. तिसऱ्या शनिवारी वर्ग संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "सर, मी साठीनंतर मराठी टायपिंग शिकलो. एमएस-सीआयटी केलं. वाचनालयाचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. मग हेच का डोक्यात शिरत नाही? वय झालं म्हणून का?"

आम्ही त्यांना तेव्हा "नाही हो, तसं काही नाही" असं म्हणालो. पण हे उत्तर झालं नाही, ही नुसती समजूत झाली. खरं उत्तर द्यायचं तर तीसपस्तीस वर्षं मागे जावं लागतं. तेच आज करू.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. संकेतस्थळ बनवणं हे एक काम नाही, ती तीन कामं आहेत. मजकूर लिहिणं हे पहिलं. तो कसा दिसावा हे ठरवणं दुसरं. आणि तो अशा जागी नेऊन ठेवणं, की जिथून कुणालाही तो बघता येईल, हे तिसरं. वर्डमध्ये आपण अर्ज लिहितो तेव्हा पहिली दोन कामं एकाच पडद्यावर एकदमच होतात आणि तिसरं नसतंच. अर्ज छापला, सही केली, काम झालं. गुरुजी ज्या जगातून आले होते ते हे एका पडद्याचं जग होतं. मजकूर, रूप आणि जागा हे तीन शब्द आज पुन्हा पुन्हा येतील.

आता १९९० सालात जाऊ. जिनिव्हाजवळ, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर सर्न ही अणुभौतिकीची प्रयोगशाळा आहे. तिथे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये एक प्रस्ताव दिला होता आणि १९९० च्या अखेरीस त्यांनी पहिला ब्राउझर लिहिला. त्याचं नाव वर्ल्डवाइडवेब. तो नेक्स्ट नावाच्या संगणकावर चालायचा. आता यातली जी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते ती सांगतो. तो ब्राउझर नुसता वाचायचा नव्हता, लिहायचाही होता. तुम्ही पान उघडायचं, त्यात कर्सर ठेवायचा आणि टाइप करायला लागायचं. दुवा द्यायचा असेल तर एका ठिकाणी खूण करायची, दुसऱ्या ठिकाणचे शब्द निवडायचे आणि मेनूतून 'खूण केलेल्या जागेला जोडा' असं सांगायचं. एचटीएमएलचे ते कोनी कंस डोळ्यांना दिसायचेच नाहीत. बर्नर्स-ली यांनी पुढे लिहून ठेवलंय की सामान्य माणसाने एचटीएमएल हाताने लिहावं अशी त्यांची कल्पनाच नव्हती.

म्हणजे जे आज 'नवं, सोपं, कोडिंगशिवाय' म्हणून विकलं जातं ते वेबच्या पहिल्या दिवशीच होतं. तुम्ही विचाराल, मग बिघडलं कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं असं की, त्या पहिल्या ब्राउझरलाही तिसरं काम येत नव्हतं. आपल्याच यंत्रावरच्या फायली त्यात बदलता यायच्या. दूरच्या सर्व्हरवरचं पान उघडून, बदलून तिथेच परत ठेवण्याची सोय तेव्हा केलेली नव्हती. जागेचा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला. दुसरं असं की, नेक्स्ट हा संगणक महाग होता आणि फार थोड्या लोकांकडे होता. सर्नमधल्या इतर यंत्रांवर वेब दिसायला हवी म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने एक साधा, नुसत्या अक्षरांचा ब्राउझर लिहिला. तो कुठल्याही यंत्रावर चालायचा. पण त्यात फक्त वाचता यायचं. पसरला तो हाच. मग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी मोझेक केला. त्यात मजकुराच्या मधोमध चित्रं दिसू लागली आणि जग वेबकडे धावलं. मोझेकही वाचण्याचा.

तिथे वाचणारा आणि लिहिणारा वेगळे झाले. हा काही कुणाचा कट नव्हता. लवकर काहीतरी चालतं करायचं होतं, वाचक बनवणं सोपं होतं आणि लेखक बनवणं अवघड. पण तेवढ्याने पुढच्या सगळ्या नवशिक्यांचं भवितव्य ठरलं. त्यानंतर जी जी सॉफ्टवेअरं आली ती या दोघांना पुन्हा जोडण्याच्या खटपटीतून आली आहेत.

मोझेक आणि त्याच्यामागून आलेल्या नेटस्केपच्या काळात लोक शिकले कसे? चोरून बघून. ब्राउझरमध्ये 'पानाचा स्रोत पाहा' अशी एक सोय होती, अजूनही आहे. कुणाचंही पान आवडलं की ते उघडायचं, आतलं लिखाण बघायचं, उचलायचं, आपलं नाव घालायचं. शेजारच्या काकूंच्या दारातली रांगोळी बघून ठिपके मोजावेत तसं. ठळक अक्षर हवं तर कोनी कंसात 'बी', परिच्छेदासाठी 'पी'. खुणांची संख्या कमी होती. महिन्याभरात पान उभं राहायचं. त्या काळाबद्दल लोक गहिवरून बोलतात, आणि आम्हालाही थोडं गहिवरायला होतं. पण हेही लक्षात ठेवा, की तेव्हा हे शिकणारे बहुतेक विद्यापीठांत बसलेले होते. जागा त्यांना फुकट मिळालेली होती. विद्यापीठाच्या सर्व्हरवर स्वतःचं एक फोल्डर असायचंच.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. स्वस्तातल्या खात्यावर नुसती अक्षरं दिसायची, चित्रं बघायची तर महागडं खातं घ्यावं लागायचं. आपलं स्वतःचं पान ठेवायला जागा कुठली? त्यामुळे मराठीतली सुरुवातीची बरीचशी वेब परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी उभी केली. १९९६ मध्ये सुरू झालेलं 'मायबोली' त्यातलंच.

जागेचा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवला तो जिओसिटीजने. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझ्नर यांनी ही कंपनी काढली. कल्पना मोठी गोड होती. वेबवर वस्त्या पाडल्या: हॉलीवूड, सिलिकॉन व्हॅली वगैरे. तुम्ही आपल्या आवडीच्या वस्तीत एक रिकामा 'प्लॉट' घ्यायचा, फुकट, आणि त्यावर घर बांधायचं. रहिवाशांना ते 'होमस्टेडर' म्हणत, म्हणजे पडीक जमिनीवर वसाहत करणारे. रंगीत पार्श्वभूमी, लुकलुकणारी अक्षरं, 'काम चालू आहे' अशी फावडं मारणाऱ्या माणसाची चित्रं... हसू येतं आता. पण ज्यांना कधी कुणी लिहायला बोलावलं नव्हतं अशी माणसं तिथे लिहीत होती. जिओसिटीजचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आता येतो फ्रंटपेजकडे. इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण या सभागृहातल्या काहींनी ते शिकण्यासाठी पैसे मोजलेले असतील.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी १९९४ मध्ये एक कंपनी काढली. डच चित्रकार व्हर्मीर याच्या नावावरून तिचं नाव व्हर्मीर टेक्नॉलॉजीज ठेवलं. त्यांनी १९९५ मध्ये फ्रंटपेज बाजारात आणलं आणि पुढच्याच जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सुमारे १३ कोटी डॉलरना विकत घेतली. जाता जाता एक गंमत. ज्यांनी जुन्या फ्रंटपेजच्या साइटचं फोल्डर उघडून पाहिलं असेल त्यांना 'व्हीटीआय' या अक्षरांची काही अनोळखी फोल्डरं आठवतील. कुणी शिकवणारा त्यांचा अर्थ सांगायचा नाही, फक्त "त्याला हात लावू नका" म्हणायचा. ती अक्षरं म्हणजे व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इनकॉर्पोरेटेड. कंपनी गेली तरी तिची सही फोल्डरांवर राहिली.

फ्रंटपेजचं वचन असं होतं: वर्डसारखंच आहे, वर्ड येतं ना, मग झालं. पडद्यावर जे दिसतं तेच मिळेल. हे तत्त्व मुळात कागदाचं. १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाचा संपादक तयार झाला, त्यात पडद्यावरचं पान आणि छापलेलं पान सारखं दिसायचं. तिथे हे वचन पाळता येत होतं, कारण कागद एकच असतो. वेबवर मात्र प्रत्येक वाचकाचा पडदा वेगळा, ब्राउझर वेगळा, त्याच्याकडचे फॉन्ट वेगळे. जे मला दिसतं तेच तुला दिसेल याची हमी कोण देणार? फ्रंटपेजने ती दिली.

मग काय व्हायचं ते ऐका. विद्यार्थी पान बनवायचा, त्यात आपल्या डेस्कटॉपवरचा फोटो टाकायचा. स्वतःच्या संगणकावर झकास दिसायचं. पान चढवलं की मित्राचा फोन: "फोटोच्या जागी लाल फुली दिसतेय." कारण पानात फोटो नव्हताच, फोटोचा पत्ता होता. आणि तो पत्ता होता स्वतःच्या सी ड्राइव्हचा. जगाने त्याच्या घरात येऊन, कपाट उघडून फोटो बघावा असा तो पत्ता. वर्डमध्ये फोटो फायलीच्या पोटात जातो, वेबवर तो शेजारी उभा राहतो. हा फरक पडद्यावर कुठेच दिसत नाही. रूप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने जागा लपवली होती, आणि नवशिक्या नेमका तिथेच पडला.

मराठी माणूस तर दोनदा पडायचा. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट हे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप केलेलं असायचं, फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसला, की 'सप्रेम नमस्कार'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. वृत्तपत्रांच्या साइटवर सुद्धा 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असायची आणि प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती हे खरं. पण ती घरच्या संगणकापर्यंत यायला वेळ लागला. विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठीच्या फायलींसमोर टिचकी मारावी लागे आणि मग तो विंडोजची सीडी मागे. आता ज्याच्या दुकानदाराने सीडी दिलेलीच नाही, त्याने काय करायचं? आणि किती दुकानदार देत होते, हा प्रश्न आपण सोडून देऊ.

तेव्हा 'जे दिसतं तेच मिळतं' हे वाक्य इंग्रजी नवशिक्यासाठी अर्धसत्य होतं. आपल्यासाठी ते तेवढंही नव्हतं.

इथे थोडं थांबून एका संशोधनाबद्दल सांगायला हवं, कारण गुरुजींच्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथे सुटतो. १९८० च्या दशकात आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी एक साधं काम करत होते. टंकलेखनाचा अनुभव असलेल्या माणसांना शब्दसंस्कारकासमोर बसवायचे, सोबत पुस्तिका द्यायचे आणि मोठ्याने विचार करत शिका म्हणायचे. त्यांना दिसलं असं, की माणसं पुस्तिका वाचतच नाहीत. ती पत्र लिहायला आलेली असतात, सॉफ्टवेअर शिकायला नाही. ती लगेच कामाला भिडतात, आधीच्या टंकलेखन यंत्राच्या अनुभवावरून अंदाज बांधतात, अंदाज चुकतो, आणि चुकीतून बाहेर पडताना आणखी आत रुततात. कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी याला सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास म्हटलं: काम करायची घाई असते म्हणून माणूस शिकत नाही, आणि जुनं ज्ञान असतं म्हणूनच तो चुकतो.

कॅरोल यांनी एक उपायही करून पाहिला. मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात ना, तसं. नवशिक्यासाठी सॉफ्टवेअरमधले अवघड पर्याय बंद करून ठेवले. दाबले तर 'हे सध्या उपलब्ध नाही' एवढं सांगायचं. माणसं लवकर काम करू लागली आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला. हा निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आला. वेबसाइट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तो वाचला असता तर फार बरं झालं असतं. त्यांनी उलटं केलं. दर आवृत्तीत मेनू वाढवत नेले.

गुरुजींचं असं झालं होतं. ते मंद नव्हते. उलट त्यांना वर्ड नीट येत होतं, म्हणूनच ते अडत होते. 'सेव्ह' दाबलं की काम झालं, ही त्यांची इतक्या वर्षांची पक्की समजूत. वेबवर सेव्ह वेगळं आणि प्रकाशित करणं वेगळं.

पुढचा टप्पा भराभर सांगतो. १९९७ च्या डिसेंबरमध्ये मॅक्रोमीडियाने ड्रीमवीव्हर आणलं. फ्रंटपेज तुमच्या हाताने लिहिलेल्या खुणा आपल्या मनाप्रमाणे बदलून टाकायचं, ड्रीमवीव्हर तसं करायचं नाही. म्हणून जाणकारांना ते आवडलं. पण ते जाणकारांचं हत्यार होतं. रूप सांभाळण्यासाठी सीएसएस नावाची वेगळी भाषा १९९६ च्या डिसेंबरमध्ये मान्य झाली होती, मात्र ब्राउझर ती नीट पाळत नसल्यामुळे लोक अनेक वर्षं तक्त्याच्या अदृश्य चौकटींत मजकूर कोंबत राहिले. रकान्यात रकाना, त्यात रकाना. 'स्रोत पाहा' करून शिकण्याची वाट तिथे बंद होत गेली. पान उघडलं की आत जे दिसायचं ते माणसाने लिहिलेलं नव्हतं, यंत्राने ओकलेलं होतं. त्यावरून कोण काय शिकणार?

खरं वळण त्यानंतर आलं. १९९९ मध्ये ब्लॉगर आलं आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी 'बीटू' नावाच्या एका आधीच्या प्रणालीवर ती उभारली. आज जगातल्या दहापैकी चारांहून अधिक संकेतस्थळं वर्डप्रेसवर आहेत. मराठीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने तर ब्लॉगर आणि वर्डप्रेस ही फार मोठी गोष्ट झाली. तोवर युनिकोड रुळलं होतं. एका चौकटीत लिहायचं, निळं बटण दाबायचं, आणि सोलापूरपासून सिॲटलपर्यंत ते वाचता यायचं. मजकुराचं काम सोपं झालं, आणि यात कंजुषी न करता श्रेय द्यायला हवं.

पण अवघडपणा गेला कुठे? आता पान ही फाइलच उरली नाही. मजकूर एका डेटाबेसच्या तक्त्यात, चित्रं दुसऱ्या फोल्डरमध्ये, रूप 'थीम'मध्ये, ज्यादा सोयी 'प्लगइन'मध्ये. वाचक पत्ता टाकतो तेव्हा सर्व्हर या सगळ्यातून त्या क्षणी पान जुळवून देतो. खानावळीत ऑर्डर दिल्यावर ताट वाढून येतं, तसं. आमच्या वर्गात पहिल्या दिवसापासून हमखास विचारलं जातं, "माझं पान नेमकं कुठे आहे?" याचं प्रामाणिक उत्तर 'कुठेच नाही' असं आहे. ते ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा काय होतो ते तुम्ही डोळ्यांसमोर आणा.

वर्डप्रेसचे लोक पाच मिनिटांत स्थापना होते म्हणून अभिमानाने सांगत, आणि ज्याला येतं त्याची पाच मिनिटांत होतेही. पण त्या पाच मिनिटांच्या आधी पत्त्याचं नाव विकत घ्यायचं, सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यायची, नावाला जागेकडे वळवायचं, डेटाबेस तयार करायचा, त्याचा वापरकर्ता आणि पासवर्ड ठरवायचा, आणि तो एका फायलीत अचूक लिहायचा. हे सगळं झालं की मग घड्याळ लावायचं! आत गेल्यावर 'पोस्ट' आणि 'पेज' यांतला फरक. ताई विचारतात, "मसाल्यांची यादी कशात टाकू?" दोन्हींत टाकता येते. दिसतेही जवळपास सारखीच. फरक कळतो तो सहा महिन्यांनी, जेव्हा यादी जुन्या पोस्टांखाली गाडली जाते. थीम बदलली की मेनू जागेवरून उडतो, ते निराळंच.

जे चिकाटीने शिकले त्यांच्यावर २०१८ च्या ६ डिसेंबरला एक नवी वेळ आली. पाचव्या आवृत्तीत वर्डप्रेसने लिहिण्याची चौकटच बदलली आणि ठोकळ्यांचा संपादक आणला, गुटेनबर्ग नावाचा. परिच्छेद हा एक ठोकळा, फोटो दुसरा, मथळा तिसरा. कल्पना चांगली आहे, हे आम्ही आज म्हणतो. पण तेव्हा ज्या माणसाला जुनी चौकट शिकायला वर्ष लागलं होतं त्याला एका सकाळी आपलंच स्वयंपाकघर अनोळखी झालं. जुना संपादक परत आणणारं प्लगइन ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवलं गेलं. एवढ्या लोकांनी 'आमचं होतं ते द्या' असं म्हटलं तर त्याला नुसता हट्ट म्हणता येत नाही.

दुसरीकडे विक्ससारख्या सेवा आल्या. विक्स २००६ मध्ये इस्रायलमध्ये सुरू झाली. इथे मजकूर, रूप आणि जागा तिन्ही एका छताखाली. उचला, ओढा, सोडा. नवशिक्याला एका दुपारी पान उभं करता येतं, हे आम्ही वर्गात पाहिलेलं आहे. मात्र ते संकेतस्थळ जसंच्या तसं उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, हे ती कंपनी स्वतः सांगते. म्हणजे घर बांधायला सोपं, पण वीट हलवता येत नाही. काहींना ते चालतं. मसाल्यांच्या ताईंना चालतं, त्यांना आम्ही तेच घ्या म्हणून सांगितलं. सगळ्यांनी सर्व्हर शिकलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही.

आता जिओसिटीजचं उरलेलं सांगतो. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ ला, ती वसाहत बंद करण्यात आली. सूचना दिली होती. पण ज्यांनी १९९७ मध्ये घर बांधलं त्यांचा तेव्हाचा ईमेल पत्ता बारा वर्षांनी किती जण बघत असतील? काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट अर्काइव्हने शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढी पानं उतरवून घेतली. आज जे पाहायला मिळतं ते त्यांच्यामुळे.

हे दूरचं वाटेल, म्हणून गुरुजींची अर्धी राहिलेली हकिकत सांगतो. त्यांच्या वाचनालयाचं संकेतस्थळ आधी होतं. गावातल्याच एका इंजिनिअरिंगच्या मुलाने हौसेने, एक पैसा न घेता करून दिलेलं. त्यात दुर्मिळ पुस्तकांची यादी होती, कुणी कोणता संग्रह दिला त्याची नोंद होती, जुन्या व्याख्यानांच्या वेळचे फोटो होते. मुलगा शिकला, नोकरीला परदेशी गेला. पत्त्याचं नाव त्याच्या खात्यावर, जागा त्याच्या खात्यावर, आणि नूतनीकरणाची आठवण जायची त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, जो बंद झाला होता. एक दिवस वाचनालयाच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसायला लागली. फोटोंच्या मूळ फायली ज्या संगणकात होत्या तो संगणक समितीने ठराव करून भंगारात दिलेला. मुलाने फोनवर मनापासून क्षमा मागितली. त्याची चूक तरी काय होती? त्याने मजकूर आणि रूप समितीला दाखवलं होतं. जागा दाखवायची राहिली, कारण ती पडद्यावर नसते.

महाराष्ट्रात 'साइट एका ओळखीच्या मुलाने करून दिलीय' हे वाक्य आम्ही इतक्या संस्थांत ऐकलंय की आता ते ऐकलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो: नाव कुणाच्या खात्यावर आहे?

म्हणून आम्ही वर्गाचा क्रम बदलला. पहिल्या शनिवारी कुठलंही सॉफ्टवेअर उघडत नाही. नोटपॅडमध्ये चार ओळी मराठीत लिहायला लावतो. इथेही एक जुना काटा होता: पूर्वीचं नोटपॅड फाइल जुन्याच सांकेतिक पद्धतीत जतन करायचं आणि सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं व्हायची, २०१९ च्या विंडोजपासून नोटपॅड आपण होऊन युटीएफ-८ घेतं, तेव्हापासून तेवढी कटकट संपली. त्या चार ओळींत एक फोटो घालायचा, तो मुद्दाम दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचा आणि लाल फुलीसारखं काही दिसतंय का ते बघायचं. मग पत्ता दुरुस्त करायचा. मग ते पान सर्व्हरवर चढवून आपल्याच मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडायचं. दोन तास जातात. ठोकळे, थीम वगैरे पुढच्या शनिवारपासून. काही जण कुरकुरतात, "हे कशाला, आम्हाला वेबसाइट हवीय." कॅरोल यांचा निष्कर्ष आठवून आम्ही ऐकून घेतो.

गुरुजींना हा पहिला धडा आम्ही नंतर, वेगळा बसवून दिला. त्यांनी फोटो हलवला, फोटो गेला, पत्ता बदलला, फोटो आला. दोनदा करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे हे पुस्तक आणि कार्डासारखं आहे. कार्डावर कपाटाचा नंबर चुकला तर पुस्तक असूनही सापडत नाही." इतक्या वर्षांत आम्हाला ही उपमा सुचली नव्हती, आता वर्गात तीच वापरतो.

वाचनालयाचं जुनं नाव परत मिळालं नाही. नवं घेतलं, संस्थेच्या नावावर. यादी पुन्हा टाइप करण्याचं काम चालू आहे, निम्मी झालीय. फोटोंसाठी गावात निरोप फिरवलाय, काही घरांतून अल्बम आले आहेत. आणि देवघेवीच्या टेबलामागच्या कपाटात सभासद नोंदवहीच्या शेजारी एक निळी वही ठेवली आहे. त्यात पत्त्याचं नाव, ते कुणाकडून घेतलं, नूतनीकरणाची तारीख, कुठल्या ईमेलवर आठवण येते आणि किल्ली कुणाकुणाकडे आहे, एवढं गुरुजींच्या अक्षरात लिहिलेलं आहे. दर वार्षिक सभेत ती वही वाचून दाखवायची असा ठराव झालाय.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.